आमची वाटचाल : गिअरबॉक्स उघडण्याआधी

शिवाजी उद्यमनगरात २००९ साली आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीच्या गाळ्याचे शटर वर केले, तेव्हा कोल्हापुरात ऑटोमॅटिक गाडी ही डॉक्टर मंडळी, साखर कारखान्यांचे चेअरमन आणि सुट्टीला गावी येणारे मुंबईकर यांच्यापुरतीच होती. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) घेऊन आली आणि क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणू लागले. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर हलवण्याचे काम यंत्रणा करते. खाली जे लिहिले आहे ते ऑइलमधून इंजिनची ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, क्लच प्लेटांचे क्लच पॅक आणि ऑइलच्या वाटा उघडबंद करणारी व्हॉल्व्ह बॉडी असलेल्या गिअरबॉक्सविषयी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एएमटीचा झटका घेऊन आलेले ग्राहक तो आमच्या पद्धतीने दुरुस्त होत नाही म्हणून आजही आमच्यावरच रुसतात.

आमचे पहिले भागीदार कागदोपत्री कधीच भागीदार नव्हते. शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारे एक वयस्कर मिस्त्री होते, ज्यांची उमेदीची वर्षे ऑइल इंजिनांचे सुटे भाग कातण्यात गेली होती. लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलचा मुख्य दाब, मोजायचे तर गेज हवा, आणि तो आम्ही ३०० पीएसआयपर्यंतचा, ग्लिसरीन भरलेला, काटा थरथरू न देणारा असा मुद्दाम निवडून आणला होता. परंतु गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टचे, म्हणजे गेज जोडायच्या भोकाचे, आटे गाडीगणिक वेगळे असतात आणि तयार ॲडॅप्टरचा संच मागवण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. मिस्त्रींनी पोर्टमधला जुना प्लग हातात घेतला, आट्यांचा गेज लावून पाहिला आणि ईएन-८ च्या बारमधून संध्याकाळपर्यंत गेज जोडायचे निपल कातून दिले. पुढे प्रत्येक नव्या गाडीसाठी एकेक निपल वाढत गेले. आज ती सगळी निपले लाकडी पेटीत ओळीने ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाच्या षटकोनावर गाडीचे नाव पंचने मारलेले आहे. मिस्त्री निवृत्त झाले, पण पेटीला आमच्याकडे अजूनही त्यांचीच पेटी म्हणतात.

मधली काही वर्षे बरी गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

त्यानंतर हायवेच्या बाजूला एक मोठे वर्कशॉप उघडले. काचेचे ऑफिस, वातानुकूलित प्रतीक्षागृह, ऑइल फ्लश करायचे मशीन आणि भला मोठा फलक अशी सगळी सजावट होती. स्पर्धेबद्दल आमची तक्रार नव्हती आणि नाही. तक्रार आहे ती त्यांनी पसरवलेल्या एका वाक्याबद्दल : "उद्यमनगरात ऑइल बदललेत तर गिअरबॉक्स बसेल." या वाक्यात अर्धे सत्य होते, म्हणूनच ते चालले. क्लच प्लेटांचे अस्तर झिजून गेले असेल, तर नव्या ऑइलने ते परत येत नाही. अशी गाडी ऑइल बदलण्याआधीही मरणपंथालाच लागलेली असते आणि खापर मात्र शेवटी हात लावणाऱ्यावर फुटते. आम्ही प्रत्येक वेळी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे, खोलून त्यातला लोखंडी कण धरणारा मॅग्नेट पाहत असू. मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा अस्तराचे काळे तुकडे निघाले, आणि ऑइलला जळका वास असेल, तर आम्ही ऑइलचे काम घेतच नसू. ही गोष्ट फलकावर लिहिता येत नाही. ग्राहक तुटत गेले, आम्ही तयार केलेली दोन्ही मुले जास्त पगारावर तिकडे गेली, पतसंस्थेचे हप्ते थकले, आणि गाळा दुसऱ्याला देऊन टाकावा इथपर्यंत घरात बोलणी झाली.

त्या दिवसांत निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आपली जपानी सेडान घेऊन आले. गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली की मागून कुणी धडकावे तसा धक्का बसे आणि पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना मान हिसकत असे. हायवेवरच्या वर्कशॉपने जुना गिअरबॉक्स आणून बसवण्याचे १ लाख ८५ हजार सांगितले होते. शेठ आम्हालाच म्हणाले, "मिस्त्री, गाडी विकली तर एवढे येतील का?"

स्कॅनरवर पी ०७४८ हा बिघाडाचा कोड आला. तो तिकडेही आला होता, पण त्याच्या वर्णनात 'प्रेशर' हा शब्द वाचून गिअरबॉक्सचा प्रेशर संपला असे शेठना सांगण्यात आले होते. वास्तविक हा कोड प्रेशर सोलेनॉइडच्या, म्हणजे ऑइलचा प्रेशर ठरवणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या, सर्किटमधल्या बिघाडाचा आहे. आम्ही गेज लावला, तर प्रेशर संपलेला तर नव्हताच, उलट इंजिन आयडलला असताना काटा मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या कितीतरी वर जाऊन उभा होता. त्याचे कारण असे की, सोलेनॉइडचे सर्किट तुटल्याचे कंट्रोल युनिटला, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, कळले की ते त्याचा करंट बंद करते, आणि करंट नसला की बहुतेक गिअरबॉक्समध्ये लाइन प्रेशर आपोआप सर्वांत वरच्या पातळीवर जातो, जेणेकरून क्लच सरकून जळू नयेत. धक्का हा त्या वाढलेल्या प्रेशरचा असतो. प्रेशर कमी पडला असता तर गाडी स्लिप झाली असती, इंजिन नुसते ओरडले असते आणि गाडीने वेग घेतला नसता. स्लिप होणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सची भीती बाळगावी. नुसत्या धक्का मारणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बरेचदा आतून धडधाकट असतो.

गिअरबॉक्सच्या वायरिंगच्या प्लगवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स ५.३ ओहम भरला, म्हणजे सोलेनॉइड ठणठणीत होता. कंट्रोल युनिटच्या टोकाकडून मोजताना मात्र वायरिंग हलवले की मीटर मध्येच सर्किट तुटल्याचे दाखवी. बॅटरीच्या ट्रेखाली, ॲसिड ओघळून जिथे पत्रा गंजला होता नेमक्या त्याच जागी, वरून शाबूत दिसणाऱ्या वेष्टनाच्या आत वायरचे तांबे हिरवे पडून भुगा झाले होते. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवली, ट्रे साफ करून रंगवला. ऑइल तपकिरी झाले होते म्हणून तेही बदलले आणि कोड पुसून कंट्रोल युनिटचे लर्निंग, म्हणजे गिअर कसे टाकायचे याच्या त्याने साठवलेल्या नोंदी, रिसेट केले. वाघबीळच्या चढाला गाडी नेली तेव्हा तिसरा गिअर कधी पडला हे टॅकोमीटरचा काटा खाली आल्यावरच कळत होते. सगळे मिळून बिल ६ हजारांच्या आत बसले.

शेठनी बोभाटा केला नाही; तो त्यांचा स्वभाव नव्हे. पण निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यातून त्यानंतर ज्या गाड्या येऊ लागल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांना पत्ता त्यांनीच दिलेला असे, आणि आमचा गाळा त्यामुळे राहिला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मात्र स्वस्त इलाज चालला नाही. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी ब्रीदर असतो आणि गाडी बुडाली की तिथूनच पाणी आत शिरते. ऑइल गुलाबी दुधासारखे निघाले आणि त्या स्थितीत गाडी चालवलेली असली, तर क्लचचे अस्तर धरून ठेवणारा चिकटा सुटतो. मग कितीही वेळा ऑइल बदलले तरी उपयोग नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागतो. शाहूपुरी आणि कुंभार गल्लीच्या बाजूच्या ग्राहकांना आम्ही हे तोंडावर सांगितले. काही जण चिडून हायवेला गेले. तिकडे नुसते फ्लश करून दिलेल्या त्यांतल्या काही गाड्या पुढे टोइंग करून आमच्याकडेच आल्या. बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, हे आम्ही २०२१ च्या पुराआधी फोन करकरून कळवले होते.

लिहिता लिहिता वाचकांनाही चार गोष्टी सांगून ठेवतो, कुणी विचारल्या नसल्या तरी. गिअर पडताना धक्का बसतो म्हणून थेट गिअरबॉक्सवर जाऊ नका. आधी इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग पाहा, कारण रबर फाटले असेल तर साधा गिअरही धक्क्यासारखा लागतो. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि ती हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर साफ करा. इंजिनावर किती भार आहे याची चुकीची माहिती मिळाली, तर कंट्रोल युनिट प्रेशरही चुकीचाच ठेवते. बॅटरी नुकतीच काढली असेल, तर काही दिवस गिअर खडबडीत पडणे साहजिक आहे. ऑइलची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी, आणि ऑइलही कंपनीने सांगितलेलेच घालावे, दुकानदार "चालतंय की" म्हणाला म्हणून दुसरे घालू नये. चेंबरमधून साधारण निम्मेच ऑइल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून थोडे चालवून पुन्हा बदलावे. काही गाड्यांच्या पुस्तकात ऑइल आयुष्यभर बदलायचे नाही असे छापलेले असते, पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. सोलेनॉइड बाहेर काढून तपासायचा असेल, तर प्रेशरच्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट थेट देऊ नका. मध्ये २१ वॅटचा बल्ब घ्या, नाहीतर चांगला सोलेनॉइड तपासताना जळेल. आणि पन्हाळ्यावर चढावर गाडी लावताना आधी हँडब्रेक ओढा, मग पी मध्ये टाका. सगळ्या गाडीचा भार पार्किंगच्या एका छोट्या खिट्टीवर कशाला?

आता आमच्याकडे खर्च सांगण्याआधी रीडिंगचा कागद दिला जातो : कोड, आयडलचा आणि स्टॉलचा (ब्रेक दाबून ठेवून ॲक्सिलरेटर दिल्यावरचा) प्रेशर, सोलेनॉइडचे ओहम, मॅग्नेटवर काय निघाले ते. तो कागद घेऊन ग्राहकाने कुठेही जावे. निदानाचे पैसे मात्र वेगळे पडतात आणि त्यावर घासाघीस चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या त्या वर्कशॉपमधला एक मुलगा, जो आमच्याकडेच शिकला होता, मिस्त्रींच्या पेटीतले एक निपल आणि गेज दोन दिवसांसाठी मागायला आला. चहा पाजला. पेटी दिली नाही; गाडी इकडे आणा, रीडिंग काढून देतो आणि बिल तुमच्या वर्कशॉपच्या नावाने करतो, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी गाडी आली.