पांगाऱ्याच्या गावातली मशीद

चीनच्या फुजियान प्रांतातल्या छुआनचौला पोचलो तेव्हा मार्च सरत आला होता आणि रस्त्याकडेचं एक झाड लालभडक फुललं होतं. अरे, हा तर पांगारा! आपल्याकडे कुंपणाला लावतात तोच. इथे तो ‘त्सथोंग’, आणि शहराचं जुनं नावही त्याच्यावरूनच. अरबांनी ते ऐकलं आणि त्याचं केलं ‘झैतून’, म्हणजे ऑलिव्ह! मार्को पोलो काय, इब्न बतूता काय, दोन्ही जुन्या प्रवाशांच्या लिखाणात हे बंदर झैतूनच.

थुमन रस्त्यावरच्या छिंगचिंग मशिदीत शिरताना डोक्यात चीनमधल्याच शीआन शहरातली मशीद होती: लाकडी मंडप, वळणदार कौलारू छपरं. इथे समोर उभी राहिली दगडी कमान. उंच, टोकदार, थेट इराणातून आल्यासारखी. आत दुसरी, तिच्या आत तिसरी. दरवाजाच्या वर गच्ची आहे. रमजानचा चंद्र तिथून बघत.

दरवाजाच्या आतल्या बाजूला अरबी शिलालेख आहे. मशीद हिजरी ४०० ची, म्हणजे इ.स. १००९-१० ची, पुढे तीनशे वर्षांनी इराणातल्या शिराझच्या अहमद बिन मुहम्मदनं तिची डागडुजी केली. गंमत म्हणजे लेखातलं नाव ‘अस्हाब’ आहे. छिंगचिंग ही गावातली वेगळीच मशीद होती, तिचा शिलालेख इथे आणला गेला आणि नावही चिकटलं, असं अभ्यासक सांगतात. शहराचं नाव चुकीचं ऐकलेलं, मशिदीचं उसनं!

नमाजाच्या दालनाला छप्परच नाही. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला ते कोसळलं. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, रस्त्याकडच्या आठ खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीत कुराणाच्या आयती कोरलेले कोनाडे आणि वर उघडं आभाळ. मी तिथे बराच वेळ नुसता बसून होतो.

मग मिंग सम्राट योंगलचं १४०७ चं फर्मान पाहिलं, दगडात कोरलेलं: मुसलमानांना कुणी छळलं तर शिक्षा होईल. त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी याच गावात तैनात असलेल्या इराणी मुसलमान फौजेचं दहा वर्षांचं बंड मोडलं होतं आणि परदेशी मुसलमानांची कत्तल झाली होती. ते माहीत असलं की फर्मानाचा दगड जड वाटतो.

शेजारीच ग्वानदी या चिनी युद्धदेवाचं देऊळ आहे, भक्तांनी गजबजलेलं. तिथल्या उदबत्त्यांचा वास भिंतीवरून या उघड्या दालनात येत होता.