वासराला सरकी आणि रक्ताची तपासणी : माझा अनुभव

सरकीनं दुधाला फॅट लागते, हे आमच्या वाळवा तालुक्यात डेअरीला दूध घालणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याही गाईंना ती चालू आहे. पण लहान वासराला घालू नका, हे मी कळकळीनं सांगतोय.

बाजारातून तीनेक महिन्यांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) कालवड आणली. आधीच्या मालकाकडं तिला भिजवलेली सरकी भरपूर असायची, लवकर अंग धरते म्हणून. आली तेव्हा केस राठ, आणि गोठ्यातून हौदापर्यंत चालली तरी धापा टाकायची. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून दाखवली. आत लाली नाहीच, खोबऱ्यासारखी पांढरी.

रक्त कमी म्हटलं की पहिला संशय गोचिडांवर आणि जंतांवर, आणि तो रास्तच आहे. म्हणून थायलेरिया (गोचिडांमुळं होणारा रक्ताचा आजार) बघायला कानाच्या टोकाचा थेंब काचपट्टीवर घेतला, शेण तपासायला दिलं आणि मानेच्या शिरेतून जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त काढलं. ही नळी हलक्या हातानं उलटसुलट करायची. जोरात हलवली की पेशी फुटतात, नमुना वाया जातो. बर्फाच्या डब्यातून ती मीच सांगलीला पोचवली.

काचपट्टीत काही सापडलं नाही, जंत किरकोळ. हिमोग्लोबिन मात्र ६ ग्रॅमच्या आत. जनावराला ते ८ ते १५ असावं लागतं.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या गाईच्या कोठीपोटात (पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, जिथं चारा आंबतो) ते प्रथिनांना चिकटून बरंचसं निकामी होतं. वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, त्यामुळं ते रक्तात उतरतं, लोह अडवून धरतं, तांबड्या पेशी ठिसूळ करतं. हृदयालाही इजा करतं, धाप त्यामुळंही लागते. रिपोर्टवर गॉसिपॉल असं लिहून येत नाही, बाकीची कारणं बाजूला सारून डॉक्टर तिथं पोचतात. म्हणून खुराक विचारला की खरं ते सगळं सांगा.

त्यावर उतारा असं औषध नाही. सरकी बंद, दूध आणि काफ स्टार्टर (लहान वासरांचा तयार खुराक) चालू, सोबत लोह आणि ई जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. सुधारणा फार सावकाश झाली, पण पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन चढलेलं होतं.

गावात खिलार वळू सांभाळणाऱ्यांनाही मी जाऊन सांगितलं. गॉसिपॉलचा वळूच्या वीर्यावरही परिणाम होतो, त्यामुळं त्याच्या खुराकात सरकी किती घालायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.