बोलिंग पाटी अपडेट: फ्लॅशर फिरला, एका बाजूच्या पिना पडल्या

मंडळी, बरेच दिवस इकडे काही टाकलं नव्हतं, कारण टाकण्यासारखं होतं काय, नुसता गंज घासणं चाललेलं. आता मात्र सांगण्यासारखं आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. इथे ओहायोत हायवेलगतची एक जुनी बोलिंग ॲली पाडली, तेव्हा तिच्या खांबावरच्या पाटीचा खालचा तुकडा मला मिळाला. वरची BOWL ची, म्हणजे बी-ओ-डब्ल्यू-एलची, माणसाएवढी अक्षरं आधीच कुणीतरी उचलून नेली होती, त्यांचं नशीब. माझ्याकडे आलाय तो दोन्ही बाजूंनी दिसणारा पत्र्याचा डबा, साधारण सहा फूट रुंद, त्यावर निऑनमध्ये बॉल गडगडत येतो आणि तीन पिना उडवतो. येतो म्हणजे यायचा. बायकोची गाडी तेव्हापासून गॅरेजबाहेर बर्फात उभी असते आणि आई व्हिडिओ कॉलवर अजून विचारते, अरे एवढं लोखंड घरात कशाला आणलंस, भंगारवाला व्हायचंय का.

तर फ्लॅशर, म्हणजे नळ्या ठरल्या क्रमाने चालू-बंद करणारं यंत्र. सगळा जीव त्यातच आहे. एक छोटी मोटर, तिला गिअर, गिअरला दांडा, दांड्यावर सहा कॅम (कडेला उंचवटा असलेल्या चकत्या) आणि प्रत्येक कॅमवर एक कॉन्टॅक्ट टेकलेला. कॅमचा उंचवटा आला की कॉन्टॅक्ट मिटतो, त्या त्या नळीच्या ट्रान्सफॉर्मरला 120 व्होल्ट मिळतात आणि नळी पेटते, उंचवटा सरला की बंद. चार कॅम बॉलच्या चार जागांचे, पाचवा उभ्या पिनांचा, सहावा उडालेल्या पिनांचा. ना चिप ना प्रोग्रॅम, प्रोग्रॅम म्हणजे कॅमचा आकारच. मोटरमधलं ग्रीस दगड झालं होतं, ते रॉकेलमध्ये भिजवून काढलं, नवं ग्रीस भरलं, कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खड्डे पडून काळे झाले होते ते बारीक कानशीने साफ केले, आणि पठ्ठ्या पहिल्या झटक्यात फिरला! मिनिटाला सहा फेरे, म्हणजे एक स्ट्राइक (एका बॉलमध्ये सगळ्या पिना आडव्या) दहा सेकंदांत.

मग मी कॅम एकेक करून कागदावर आखून घेतले. इथे खरी मजा आहे. मला वाटलेलं चारही बॉल सारखाच वेळ पेटत असणार. अजिबात नाही. पहिल्या गोलाचा उंचवटा सगळ्यात लांब, पुढचा त्याहून आखूड, चौथा तर जेमतेम डोळा लवेपर्यंत. म्हणजे बॉल येता येता वेग घेतो. आणि पिना उडून झाल्या की फेऱ्याच्या जवळजवळ आठव्या भागात एकही कॅम वर नाही, सव्वा सेकंद सगळं काळं. मोटरचा बिघाड नाही हा, मुद्दाम ठेवलेला अंधार आहे. तो नसता तर पडलेल्या पिनांना लागूनच नवा बॉल आला असता आणि बघणाऱ्याला सुरुवात कुठली शेवट कुठला ते कळलंच नसतं. हल्ली अनेक जण अशी ॲनिमेशनं आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) परत बनवतात, मेहनत असते, नाही म्हणत नाही, पण बहुतेकांत सगळे टप्पे सारख्या वेळाचे आणि मधला अंधार गायब, त्यामुळे बॉल गडगडत नाही, नुसता उड्या मारतो. ताशी 40 मैलांनी जाणारी गाडी दहा सेकंदांत जवळजवळ 590 फूट जाते, म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला एक पूर्ण स्ट्राइक दिसावी असा हिशोब दिसतोय. ज्या कारागिराने हे कॅम कापले त्याला दंडवत.

आता काच. पाटी दोन बाजूंची, आणि प्रत्येक टप्प्याची पुढची आणि मागची नळी एकाच ट्रान्सफॉर्मरवर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली. त्यामुळे मागची फुटली की पुढची धडधाकट असून अंधारात. माझ्या पुढच्या बाजूच्या बऱ्याच नळ्या शाबूत निघाल्या, मागच्या बाजूला वादळाने आणि कबुतरांनी वाट लावलेली. निऑनवाल्या म्हाताऱ्याने (हा माणूस आयुष्यभर काच वाकवतोय, बोलतो कमी, घोरपडीसारखा चिकट) त्याच्या दुकानात तात्पुरती जोडणी करून फक्त पुढची बाजू पेटवली. हाय व्होल्टेजला मी स्वतः हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका, जुने डांबर भरलेले ट्रान्सफॉर्मर 15,000 व्होल्टपर्यंतचे असतात, आणि आजच्यासारखं ग्राउंड फॉल्ट (करंट भलत्या वाटेने जमिनीकडे गळणं) झाल्यावर आपोआप बंद होणं वगैरे त्यांच्यात नसतं. नव्या जोडणीत ते संरक्षण घेतोय, वायर पण नवी. जुनी वायर हातात घेतली की इन्सुलेशनचा भुगा पडतो.

रंगांबद्दल विचारलं होतं कुणीतरी. बॉलच्या नळ्या साध्या पारदर्शक काचेच्या, आत निऑन, म्हणून तो केशरी-लाल. पिना पांढऱ्या, त्यांच्यात निऑन नाहीच, आर्गॉन आणि पाऱ्याचा एक थेंब, आणि काचेला आतून पावडरचा लेप, उजेडाचा रंग तो लेप ठरवतो. नवी नळी करताना ती पंपाला जोडून हवा काढतात आणि जोरदार करंट सोडून इतकी तापवतात की वर ठेवलेला कागद करपतो आणि दोन्ही टोकांचे इलेक्ट्रोड लालबुंद होतात, आतला कचरा सगळा पंपाने ओढून बाहेर. मग थोडासा गॅस, दहा-बारा मिलिमीटर मर्क्युरी दाबाचा, बाहेरच्या हवेचा दाब 760, म्हणजे बघा किती विरळ. हे काम नीट झालं तर नळी पन्नास वर्षं सहज चालते, माझ्या पुढच्या बाजूच्या नळ्याच पुरावा आहेत. म्हणून एलईडी निऑनची पट्टी बसव, स्वस्त पडेल, असं सांगणाऱ्यांना माझं नम्रपणे नाही. कडेने बघितलं की तो उजेड मरतो, काचेच्या नळीचा चहूबाजूंनी सारखा पसरतो. पाटीवर एक बाणही आहे, त्यावरच्या 11 वॉटच्या बल्बांच्या जागी मात्र एलईडी बल्ब लावतोय, तिथे माझं तत्त्व विजेच्या बिलापुढे झोपतं.

पत्र्याकडे येतो. वरचा लाल रंग उचलल्यावर खाली फिकट हिरवा-निळा निघाला, आणि तळच्या पट्टीत ब्रशने काढलेली एअर कंडिशन्डची अक्षरं! त्या काळी ए.सी. ही पाटीवर मिरवायची गोष्ट होती. जुन्या रंगात शिसं असतं, अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 ला बंद झालं, त्याआधीचं काहीही कोरडं घासू नका, ओलं करून, मास्क लावून, आणि लहान मुलं आसपास नकोत. आता बायकोसकट सगळ्यांचं मत की मस्त नवा रंग मारून टाक. मी मारणार नाहीये. ती अक्षरं आहेत तशी ठेवून सौम्य साबण, मग मेण, बस. चकचकीत केलेल्या पाट्या मला प्लॅस्टिक सर्जरी केल्यासारख्या वाटतात.

सिनसिनाटीच्या अमेरिकन साईन म्युझियममध्ये परत जाऊन आलो, 2012 पासून ते कॅम्प वॉशिंग्टन भागात आहे आणि आत चालू निऑनचं दुकान आहे, काच वाकवताना बघता येतं. गंमत म्हणजे बोलिंगवाली ब्रन्सविक कंपनी पण याच गावात 1845 ला सुरू झाली. पण पाट्या एवढ्या मोठ्या व्हायला कारण तिची प्रतिस्पर्धी एएमएफ, त्यांनी पिना आपोआप उभ्या करणारं मशिन 1946 ला बफेलोत दाखवलं आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते ॲलींमध्ये बसायला लागलं. तोवर पोरं मागे बसून हाताने पिना लावायची, मिलवॉकीच्या 1908 च्या हॉलर हाऊसमध्ये तर अजून तसंच. मशिन आल्यावर गावाबाहेर स्वस्त जागेत बत्तीस बत्तीस लेनच्या ॲली निघाल्या, समोर पार्किंग, आणि गाडीवाल्याला लांबून दिसायला उंच पाटी. कॅलिफोर्नियातलं 1956 चं कोविना बोल, आता बंद आहे पण दर्शनी भाग आणि पाटी राखून मागे घरं बांधली. ॲनाहाइमच्या 1958 च्या लिनब्रुक बोलच्या पाटीवरची ती फिरणारी पिन तर बघाच. आणि आपल्या लोकांसाठी खास: ओक्लाहोमा सिटीत रूट 66 वरचं 66 बोल 2010 ला बंद पडलं, त्या इमारतीत इंडियन ग्रोसरी आली! पाटी मात्र पुढे चँडलर गावच्या नव्या ॲलीला लागली. जिथे पिना पडायच्या तिथे आता तूरडाळ मिळते.

पाट्या वाचत नाहीत त्याचं मोठं कारण म्हणजे गावोगावचे नियम. जुनी पाटी आहे तोवर चालते, एकदा खाली उतरवली की नव्या नियमाच्या उंचीत बसत नाही म्हणून परत चढवता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीसाठी उतरवायच्या आधी गावच्या ऑफिसातून लेखी घ्या, तोंडी काही खरं नाही.

पुढचं काम: मागच्या बाजूचे तीन गोल आणि उडालेल्या पिना नव्याने वाकवून घ्यायच्या, त्यांचे कागदी साचे पुढच्या बाजूवरून उलटे काढून झालेत. मग नळ्यांच्या मधल्या, न दिसायच्या भागांना काळा रंग. अडलंय एकाच ठिकाणी. पिनांच्या गळ्यावरचे दोन लाल पट्टे वेगळ्या नळीचे आहेत आणि त्यांची वायर तुटलेली आहे, त्यामुळे ते पिनांबरोबर विझायचे की कायम पेटलेले असायचे ते कळत नाही. दांड्यावर सातवा कॅम नाही, म्हणून माझा अंदाज कायम पेटलेले, पण मग त्या सव्वा सेकंदात पूर्ण अंधार राहत नाही आणि ते मला पटत नाही. कुणाच्या गावात अशी पिना पडणारी पाटी अजून चालू असेल तर प्लीज रात्री व्हिडिओ काढा, फोटो नको, किमान दोन फेरे पूर्ण येऊ द्या आणि गळ्यावरच्या पट्ट्यांकडे झूम करा.