चाळीस रुपयांची ट्यूब

चिपळूणच्या पावसाळ्यात परकराची नाडी कधी पुरती वाळत नाही. गेल्या जुलैत कमरेवर, नेमका नाडीच्या जागी, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. कड उंच, मधे साफ. सासूबाईंनी बघताच सांगितलं, गजकर्ण.

मेडिकलवाल्याने चाळीस रुपयांची ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब! लावायची थांबवली की आठवड्यात परत, दरवेळी थोडा पसरून. असं मार्चपर्यंत चाललं. तोवर ती कडही पुसली गेली होती. पोटापासून मांडीपर्यंत नुसता तांबूस, पुटकुळ्यांचा पसारा.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी ट्यूब मागितली. मागच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं: क्लोबेटासॉल. बुरशीच्या औषधाच्या जोडीला हे तगडं स्टिरॉइड. त्याने खाज, लाली दबते आणि खाली बुरशी निवांत वाढते. असं रूप बदललेलं गजकर्ण म्हणजे टिनिया इनकॉग्निटो. चिठ्ठीशिवाय हे मलम द्यायचंच नसतं म्हणे. मीही कुठे विचारलं होतं!

मग बोथट ब्लेडने त्यांनी चट्टा खरवडला. काचेवर चिमूटभर कोंडा पडला, त्यावर केओएच नावाच्या रसायनाचा थेंब. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशी तशीच राहते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "या, बघा." मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेले पारदर्शक दोरे. आठ महिने हे अंगावर बाळगत होते मी.

बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल पोटभर जेवणानंतर, ॲसिडिटीची गोळी बंद, साधं बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून. पहिला आठवडा भयंकर गेला. स्टिरॉइड सुटल्यावर सगळं दुप्पट भडकलं. रात्री उठून ओला पंचा ठेवायचे. त्या ट्यूबकडे हात किती वेळा गेला, ते मलाच माहीत. तिसऱ्या आठवड्यात कातडी शांत झाली, आणि पाचव्यात नवा चट्टा!

"घरात अजून कुणाला आहे?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी झाला होता. ह्यांनी तेव्हा ठाम नाही म्हटलं होतं. त्या रात्री दाढीच्या डब्यात मला तीच ट्यूब सापडली, अर्धी संपलेली.

मग दोघांचा कोर्स एकदम चालला. चट्टे गेल्यावरही दोन आठवडे मलम लावलं. डाग फिके होताहेत. कमरेवर स्टिरॉइडने पडलेल्या पांढुरक्या रेघा मात्र राहणार. परकर आता उलटा करून इस्त्री करते, आणि पंचे दोन वेगळ्या खिळ्यांना असतात.