महीच्या वाळूत बीकनचा सराव: नोंद तिसरी

डिसेंबरात स्की घेऊन कुलू-लाहौलकडे जाणाऱ्या बडोद्याच्या मंडळींसाठी सिंधरोटच्या वाळूत हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढण्याचा सराव चालू आहे. बीकन म्हणजे प्रत्येकाने अंगावर बाळगायचं छोटं रेडिओ यंत्र: गाडलेल्याचं सिग्नल सोडतं, शोधणाऱ्याचं तो पकडतं. शोध आता जमतो, खोदकाम अजून कच्चं आहे.

मांडणीत एक बदल केला. पूर्वी एकच खड्डा असायचा, त्यामुळे उकरलेली वाळू पाहूनच जागा कळायची. आता ७० सेंमीचे पाच खड्डे खणून पाचही बुजवतो, बीकन एकातच. तो प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा. स्टीलच्या डब्यात सिग्नल दबतो. डब्यावर गादीचा तुकडा ठेवला की प्रोब (टोचून पाहायची लांब काठी) टेकताच हाताला मऊ लागतं. ओल्या वाळूत प्रोब जात नाही, म्हणून भरताना कोरडीच घ्या. आणि माणूस मात्र वाळूत कधीही पुरायचा नाही.

सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. शोधताना मोबाइल बंद करा किंवा निदान ५० सेंमी लांब ठेवा. बीकनच्या पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो. अंतराचा आकडा वाढू लागला तर उलट फिरा. १० मीटरच्या आत चाल मंद करा, ३ मीटरला बीकन थेट पृष्ठभागावर आणा. इथेच बहुतेकांचं चुकतं: आडवं-उभं सरकवताना मनगट वळतं, अँटेनाची दिशा बदलते आणि आकडे उड्या मारू लागतात. बीकनचं तोंड एकाच दिशेला ठेवून फक्त हात सरकवा. सर्वांत लहान आकड्यापासून २५ सेंमीच्या अंतराने, बाहेर वाढत जाणाऱ्या चक्रात, उताराला काटकोनात प्रोब टोचा. लागला की तो तिथेच राहू द्या.

खोदायचं ते प्रोबच्या डोक्यावर नाही, उताराच्या खालच्या बाजूने. पुरलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावर सुरुवात करा आणि आडवे आत शिरा. मागच्याने माती खाली ढकलत राहायची, दर मिनिटाला जागा बदलायची. पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर गाडलेल्याची जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते, म्हणून फावडं धातूचंच हवं. हिमस्खलनातला बर्फ थांबताच घट्ट होतो, त्यात प्लास्टिकचं पातं मोडतं.

आता बर्फाबद्दल. "अजून फारसा पडलेलाच नाही" हा दिलासा चुकीचा आहे. पहिल्या हिमवृष्टीचा थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाजवळ, वर निरभ्र रात्रीची कडक थंडी; एवढ्याशा जाडीत तापमानाचा फरक मोठा, म्हणून दाणे भरड साखरेसारखे सुटे होतात. मूठ आवळली तरी गोळा होत नाही. पुढच्या पश्चिमी विक्षोभात त्यावर २४ तासांत ३० सेंमी बर्फ पडला आणि वाऱ्याने तो दाबून बसवला, की वर जड, एकसंध थर (यालाच फळी म्हणतात) आणि खाली साखर. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर ही साखर जास्त दिवस टिकते. पायाखाली 'वुम्फ' असा दबका आवाज झाला किंवा स्कीपासून भेग पळाली, तर त्या उताराखालूनही जाऊ नका. सपाटीवरून चालतानाही वरच्या उतारावरचा थर सुटू शकतो. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली ती ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे हिवाळा लागण्याआधीच.

फळी बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. कोन मोजायला सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक उतारावर सरळ खालच्या दिशेने निजवून दोन्ही टोकांच्या खुणा करा. मग तिचं टोक वरच्या खुणेवर टेकवून मूठ उचला आणि त्याच मुठीपासून दुसरी काठी लोंबती सोडा. ती नेमकी खालच्या खुणेवर टेकली तर ३० अंश. त्याच्या खाली टेकली तर दर १० सेंमीला साधारण ३ अंश जास्त. पावागडच्या उतारांवर आधी डोळ्याने अंदाज सांगायचा आणि मग काठ्यांनी मोजायचं, हे प्रत्येकाने करावं. डोळ्याचा अंदाज फार फसवतो.

पुढच्या वेळी दोन बीकन एकत्र पुरून पाहू. नव्या अल्कलाइन बॅटऱ्या आणा, रिचार्जेबल नकोत: त्यांचा चार्ज किती उरला हे बीकन नीट दाखवत नाही.