तुम्ही विचारलंत म्हणून: बीम मिळाला का?

रबाळ्याच्या शेडमध्ये आम्ही आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, वेग देणारं यंत्र बांधतोय; बीम म्हणजे त्या आयनांचा झोत. तिथे येणारा प्रत्येक जण निघताना हेच विचारतो. त्याआधीचा प्रश्नही ठरलेला: कुलाब्याला पेलेट्रॉन हे आयनांना वेग देणारं मोठं यंत्र असताना हा खटाटोप कशाला?

टीआयएफआर या संशोधन संस्थेतलं ते 14 दशलक्ष व्होल्टचं यंत्र 1988 पासून आहे. तिथे बीम मिळू शकतो, पण यंत्र खोलून बघता येत नाही. मला डिप्लोमाच्या मुलांना खोलता येईल असं हवंय. जड आयन सावकाश धावतात, हे आमच्या पथ्यावर पडतं. 10 किलोव्होल्टवर सोडलेला आरगॉन सेकंदाला साधारण 220 किलोमीटर जातो, आम्ही वापरतो त्या 13.56 मेगाहर्ट्झच्या उलटसुलट होणाऱ्या व्होल्टेजच्या (आरएफ) अर्ध्या आवर्तनात जेमतेम 8 मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर पीसीबीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांच्या, चकत्या रचल्या की प्रत्येक फटीत आयनाला धक्का देता येतो. कल्पना माझी नाही. बर्कली आणि कॉर्नेलच्या लोकांनी ती करून दाखवली आहे.

पीसीबी स्वस्त म्हणजे यंत्र स्वस्त, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो. त्या माझ्याशी आज मी भांडतो: निर्वात करणाऱ्या टर्बो पंपाचं काय? निर्वातात वायू सोडत राहणाऱ्या पीसीबीचं काय? तरी तो अगदीच चुकत होता असंही म्हणवत नाही. ठिणगीने जळलेली चकती महाप्याहून पुन्हा करून आणता येते.

आता एका दुपारबद्दल. पैसे देऊ शकणारे पाहुणे समोर बसले होते. आयनांचा प्रवाह मोजणाऱ्या फॅरडे कपासमोरच्या जाळीवर 11 किलोव्होल्ट होते, म्हणजे 10 किलोव्होल्टचा आयन तिथूनच परत फिरणार, आरएफचा धक्का मिळालेलाच कपात पोहोचणार. आरएफ बंद: कपात प्रवाह नाही. आरएफ चालू: काटा वर. टाळ्या पडल्या. माझ्या सहकाऱ्याने डोळ्यांनीच विनवलं, आता थांब. मला थांबता येईना. आरएफ तसंच ठेवून मी आयनांचा स्रोत बंद केला. काटा शून्यावर यायला हवा होता. तो अर्ध्यावर अडकला. आयन नसतानाचा तो प्रवाह आरएफचाच होता, तारेत शिरलेला किंवा भरकटलेल्या इलेक्ट्रॉनांचा. पाहुणे चहा न घेता गेले. पैसे आले नाहीत. सहकारी पुढे नोकरीला लागला, "पाहुणे गेल्यावर तपासलं असतं तर काय बिघडलं असतं?" हा त्याचा प्रश्न मला अजून टोचतो. ते टाळ्या वाजवत असताना गप्प बसणं मला जमलं नसतं, एवढंच सांगू शकतो.

उरलेला अर्धा प्रवाह बीमचा होता का? मला वाटतं, होता. पण बीम असताना आणि नसताना आरएफचा उपद्रव सारखाच राहतो, हे मी कशावरून धरू? म्हणून आता स्रोत आणि आरएफ दोन्ही चालू ठेवून, चकत्यांच्या आधीच बीम अडवणारी झडप बसवतोय. ती उघडली की काटा चढला आणि मिटली की उतरला, तर मी हो म्हणेन.