डाव्या हाताचे आर्पेजिओ : अनामिका की मधले बोट?

पियानोवर डाव्या हाताने आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे (स्वरसमूहाचे) स्वर एकत्र न वाजवता एकामागून एक वाजवायला घेतले, की करंगळीनंतर चौथे बोट (अनामिका) ठेवावे की तिसरे (मधले), हा प्रश्न पडतोच. बहुतेक पुस्तके सी मेजरला ५-४-२-१ आणि डी मेजरला ५-३-२-१ असे फिंगरिंग (बोटांचे क्रमांक; अंगठा १, करंगळी ५) छापून मोकळी होतात. त्यामागचे कारण मात्र पट्ट्यांकडे नीट पाहिल्यावरच कळते.

ए मायनर घ्या; त्याचे स्वर ए-सी-ई. सी आणि ई यांच्यामध्ये तीन पट्ट्या आहेत, काळ्या-पांढऱ्या मिळून. एवढे अंतर मधले बोट आणि तर्जनी यांत बसवायचे तर हात ताणला जातो. तेथे ४-२ सहज बसते, म्हणून पांढऱ्या पट्टीवरून सुरू होणाऱ्या मायनर आर्पेजिओंना अनामिकाच बरी. मेजरमध्ये मधल्या आणि वरच्या स्वरांतले हे अंतर एका पट्टीने कमी होते, त्यामुळे ३-२ चालून जाते; शिवाय डी, ए, ई आणि बी मेजरमध्ये मधला स्वर काळ्या पट्टीवर येतो आणि तेथे लांब असलेले मधले बोट आपोआप पोहोचते.

खरा वाद उरतो तो सी, एफ आणि जी मेजरचा, जेथे मधला स्वरही पांढऱ्या पट्टीवर येतो. मोझार्टच्या के. ५४५ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) या सोनाटाच्या आरंभी डावा हात सी-जी-ई-जी असा फिरतो, तेथे ई स्वरावर सहसा तिसरे बोट येते, आणि असे वाजवून सरावलेल्या हाताला आर्पेजिओत त्याच ईवर चौथे बोट परके वाटते. पण तेथे जीवर अंगठा असतो, येथे तो वरच्या सीवर जातो. म्हणजे हाताची मांडणीच वेगळी. करंगळी तर दोन-तीन सप्तकांच्या आर्पेजिओत फक्त तळाला लागते, त्यामुळे ५-४ सोपे की ५-३, यावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. अंगठा सीवर दाबून ठेवावा, त्याच्यावरून आधी चौथे आणि मग तिसरे बोट ईवर आणून पुढचा जी तर्जनीने वाजवावा, आणि मनगट कोणत्या वेळी कमी वळते ते पाहावे. माझा कौल चौथ्या बोटाला आहे, कारण ४-२ मध्ये ई, एफ, जी या तीन पट्ट्यांवर बोटे आपल्या जागीच राहतात. मात्र अनामिका दुबळी पडून स्वर दबत असेल, तर तिसरे घेण्यात काहीच गैर नाही.

उलटापालट केलेल्या, म्हणजे मूळ स्वर तळाला नसलेल्या, कॉर्डमध्ये हाच हिशेब पुन्हा करावा लागतो. जी-सी-ई-जी या क्रमात तळाचे अंतर मोठे होते, म्हणून सी मेजर असूनही तेथे ५-३-२-१ योग्य ठरते.

काळ्या पट्टीवरून सुरुवात होते तेव्हा करंगळीचा विचार बहुधा सोडूनच द्यावा आणि पहिली पांढरी पट्टी अंगठ्याला द्यावी : ई फ्लॅट मेजरला २-१-४, ए फ्लॅट मेजरलाही तेच. बी फ्लॅट मेजर याला अपवाद आहे, कारण तेथे डी आणि एफ या दोन पांढऱ्या पट्ट्या लागोपाठ येतात. अंगठा एफवर ठेवून ३-२-१ वाजवले, की पुढच्या बी फ्लॅटवर तिसरे बोट अडखळत नाही.